पंधरा वर्षांची थार: पावणेतीन लाख घालावेत की नवी घ्यावी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: २०११ची महिंद्रा थार सीआरडीई (डिझेल इंजिनाचा प्रकार), फोर बाय फोर (चारही चाकांना ओढ देणारी), १ लाख ६८ हजार किलोमीटर झालेली, वडिलांनी घेतलेली. राहायला तुम्ही इंदिरानगरला, वावर (शेत) हरसूलच्या अलीकडे. इंजिन, क्लच, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) आणि पुढचे एक्सल मिळून गॅरेजवाल्याने पावणेतीन लाख सांगितलेत. विकायला काढली तर गिऱ्हाईक साडेतीनच्या वर जात नाही. डिसेंबरात पासिंगची पंधरा वर्षं संपतात. एवढे पैसे या गाडीत घालावेत का?

तुमच्या गॅरेजवाल्याच्या यादीत चासीबद्दल, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याबद्दल, एक अक्षर नाही. चासी बघितल्याशिवाय हो पण म्हणू नका आणि नाही पण म्हणू नका. इंजिन बांधून मिळतं, गिअरबॉक्स खोलून मिळतो, नाशिकसारख्या गावात तर दोन्हीला माणसं आहेत. सडलेली चासी मात्र पैसे देऊनही पहिल्यासारखी होत नाही.

हे मला महागात शिकावं लागलं. माझ्याकडे १९९४ची महिंद्राची एमएम ५४० जीप होती, प्यूजो इंजिनची. धूर टाकायला लागली, चढाला दम तोडायला लागली, म्हणून मी इंजिन पूर्ण खोलून घेतलं. लायनर, पिस्टन, रिंगा, हेडचं काम, डिझेल पंप, सगळं. काम चोख झालं होतं, गाडी नव्यासारखी वाजायची. पण तिच्याखाली आडवा होऊन मी बघितलं नाही आणि ज्याने काम केलं त्यानेही दाखवलं नाही. दीड वर्षाने पेठ रस्त्याला सावळ घाट उतरताना मागून मोठा आवाज झाला आणि गाडी एका बाजूला बसली. मागच्या पाट्याचा (स्प्रिंगचा) हँगर, म्हणजे पाटा चासीला धरणारा कंस, चासीचा तुकडा घेऊन उखडला होता. मागे आंब्याची कलमं आणि दोन मजूर बसलेले. वेग कमी होता म्हणून सगळे धड राहिले. ती गाडी नंतर भंगारात गेली आणि नवंकोरं इंजिन कवडीमोलाने विकावं लागलं. पैशांचं दुःख ओसरलं, पण ती दोन माणसं मागे बसली होती हे अजून आठवतं. त्यामुळे कुणी जुन्या जीपचा खर्च विचारला की मी आधी खाली बघायला सांगतो.

आपल्याकडे गंज लागण्याची कारणंही ठरलेली आहेत. त्र्यंबक-इगतपुरीच्या पट्ट्यात चार महिने गाडी ओली असते. भात आवणीच्या दिवसांत वावरातला गाळ चासीच्या बंद भागांत आणि क्रॉस मेंबरच्या (आडव्या पट्ट्यांच्या) कोपऱ्यांत जाऊन बसतो, पाणी निघायची भोकं बुजतात, आणि गाडी बाहेरून धुऊन चकचकीत दिसली तरी आतला चिखल दिवाळीपर्यंत ओलाच राहतो. दुसरं कारण खत. मागच्या बाजूला युरिया आणि पोटॅशच्या गोण्या टाकून नेल्या असतील तर सांडलेलं खत मॅटखाली जातं. पोटॅश म्हणजे शेवटी क्षारच, हवेतली ओल ओढतो आणि पत्रा खातो. दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षवाल्यांच्या जुन्या जीपांचे मागचे पत्रे बघा, लगेच कळेल.

तपासणी अशी करा. गाडी आधी खालून प्रेशरने धुऊन घ्या आणि दोन दिवस वाळू द्या. मग रॅम्पवर घेऊन, एक लहान हातोडी आणि जाड स्क्रू ड्रायव्हर घेऊन स्वतः खाली उभे राहा. हातोडी हलक्या हाताने चासीवर टाकत जा. चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, आतून खाल्लेल्या ठिकाणी बद्द येतो आणि पापुद्रे गळतात. तिथे स्क्रू ड्रायव्हर टेकवून जोर लावा. मागच्या पाट्यांचे पुढचे-मागचे हँगर, बॉडी जिथे चासीवर बसते ते माउंट, ट्रान्सफर केसखालचा क्रॉस मेंबर आणि पुढच्या चाकांच्या मागची आतली बाजू इथे जास्त वेळ घालवा. मग वर येऊन सगळी मॅट काढा. ड्रायव्हरच्या पायाखाली, बॅटरीच्या तळाशी आणि काचेच्या फ्रेमच्या खालच्या कडेला या मॉडेलचा पत्रा हमखास गंजलेला मिळतो. पण पत्र्याचं भोक बघून घाबरू नका, चांगला डेंटर तो तुकडा कापून नवा पत्रा बसवतो. आधी कुणी चासीवर नुसती पट्टी मारून वरून काळा रंग फासलाय का, तेही बघा. ताजं अंडरकोटिंग दिसलं तर जास्त संशय घ्या.

याच वेळी चासी नंबरवरची घाण साफ करून तो नीट वाचता येतो का बघा. पासिंगला त्या नंबरची पेन्सिलने प्रिंट घेतात. गंजाने आकडे खाल्ले असतील तर सगळं काम होऊनही आरटीओत अडकाल. त्या जागेच्या आसपास वेल्डिंग तर कुणाला करूच देऊ नका.

चासी चांगली निघाली असं धरून पुढचं लिहितो.

पावणेतीन लाखांचा आकडा एकगठ्ठा स्वीकारू नका, तो फोडून मागा. सीआरडीईमध्ये काळा धूर आणि ओढ कमी झाली की लगेच इंजिन खोलायची भाषा सुरू होते. त्याआधी इंजेक्टरची रिटर्न टेस्ट करायला सांगा. चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार बाटल्यांत सोडायच्या, गाडी काही मिनिटं चालू ठेवायची आणि कुठल्या बाटलीत डिझेल जास्त जमतं ते बघायचं. बऱ्याचदा एखाददुसराच इंजेक्टर खराब निघतो आणि तो दुरुस्तही होतो. इंजिन गरम असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून बघा. तिथून भकाभका वाफ आणि धूर येत असेल तर रिंगा किंवा बोअर गेलेत, मग कॉम्प्रेशन तपासून घ्या. चारही सिलिंडरचे आकडे जवळजवळ आणि कंपनीने दिलेल्या मापात असतील तर इंजिनला हात लावायचं कारण नाही. टर्बोच्या शाफ्टला हाताने हलवून खेळ किती आहे तेही त्याच बैठकीत कळतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पण ते टर्बोच्या सीलमधूनही येत असेल. नुसत्या निळ्या धुरावरून ओव्हरहॉलला होकार देऊ नका.

ट्रान्सफर केस आणि पुढच्या-मागच्या दोन्ही एक्सल हाउसिंगचं ऑइल तुमच्यासमोर काढायला सांगा. चहाच्या रंगाचं दुधट ऑइल निघालं तर आत पाणी गेलंय. नाल्यातून गाडी घालणाऱ्यांच्या बाबतीत हे नेहमीचं. तेवढ्यावरून केस बाद होत नाही. सील, ब्रीदरची नळी आणि दोन वेळा ऑइल बदलून बरंच काही सावरतं. ऑइलमध्ये बोटाला लागणारे लोखंडाचे तुकडे आले तर मात्र खोलावीच लागेल. पुढच्या एक्सलच्या जॉइंटचे रबरी बूट फाटलेत का बघा. बूट फाटला की चिखल आत जातो आणि वळणावर कटकट वाजायला लागतं. बूट वेळेवर बदलणं अगदी स्वस्त, जॉइंट गेला की तो महाग. फोर बाय फोर चालतं का हे बघायला गॅरेजवाला डांबरी रस्त्यावर लिव्हर टाकत असेल तर त्याला थांबवा. या गाडीत मधला डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा) नाही, कोरड्या डांबरावर वळताना सगळा ताण ट्रान्सफर केसवर येतो. मातीत नेऊन बघा.

माझी आताची गाडीही तुमच्यासारखीच थार आहे, २०१३ची, जुनी घेतलेली. मलाही पूर्ण इंजिनचं बोलणं झालं होतं. तपासणीत दोन इंजेक्टर, क्लच आणि पुढचा एक जॉइंट एवढंच निघालं. तुमचंही तसंच निघेल असं म्हणत नाही, पण फोडून विचारल्याशिवाय कळणार नाही.

आता पैशांचं. लोक म्हणतात, गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त खर्च असेल तर करू नये. हा हिशेब विकणाऱ्याच्या कामाचा, वापरणाऱ्याच्या नाही. तुम्हाला वावरात जायला लो गिअर (चिखलात-चढाला जास्त ओढ देणारा) असलेली गाडी लागणारच आहे, तेव्हा तुलना नव्या गाडीशी करा. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या खासगी डिझेल गाडीला १४ टक्के रस्ता कर आहे. १४ लाखांची गाडी घेतली तर १ लाख ९६ हजार नुसता कर. १२ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं तर हप्ता २५ हजारांच्या घरात जातो. अकरा हप्त्यांत तुमची अख्खी दुरुस्ती बसते. पावणेतीन लाख घालून गाडी पाच वर्षं चालली तर वर्षाला ५५ हजार पडतात. त्यात दरवर्षीचे पाटे, बुश, टायर, ब्रेक धरून आणखी ४०-५० हजार बाजूला ठेवा. तरी तुम्ही बरेच खाली राहता.

पासिंगची भीती बाळगू नका. दिल्लीत डिझेल गाड्यांना दहा वर्षांची जी अट ऐकता ती आपल्याकडे नाही. पंधरा वर्षांनंतर तपासणी होऊन आरसी पाच-पाच वर्षांसाठी वाढते. अर्ज फॉर्म २५ वर, मुदत संपण्याच्या आधीच्या ६० दिवसांत करता येतो. चारचाकीला फी ५ हजार, शिवाय पर्यावरण कर. उशीर केला तर महिन्याला ५०० रुपये दंड चढत जातो. गाडी २०१९च्या आधीची आहे, म्हणजे नवी एचएसआरपी नंबरप्लेटही लागेल. बाहेरून बसवलेला हार्ड टॉप किंवा रुंद टायर असतील तर पासिंगआधी मूळ रूपात आणा.

एक गोष्ट विम्याची. दहा वर्षांवरच्या गाडीच्या लोखंडी भागांवर विमा कंपनी निम्मा घसारा कापते. म्हणजे उद्या ठोकर बसली तर त्या भागांचा निम्मा खर्च तुमच्याच खिशातून.

नवी कधी घ्यावी? चासीला हँगरजवळ किंवा माउंटजवळ भोकं निघाली तर. मग या गाडीवर एक रुपयाही घालू नका आणि कुणाला चांगली म्हणून विकूही नका. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात दिली तर प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. नवी बघताना एवढं सांभाळा: २०२३पासून थार मागच्या चाकांवर चालणारीही मिळते. ती स्वस्त आहे, पण तिला लो गिअर नाही, तुमच्या वावराच्या कामाची नाही. थार रॉक्समध्येही (पाच दरवाजांच्या मोठ्या थारमध्ये) फोर बाय फोर डिझेललाच आहे. मारुतीची जिमनी हलकी आणि चिखलात फार गुणी, पण ती पेट्रोल आहे आणि गोण्या मावत नाहीत. फोर्सच्या गुरखाला पुढे-मागे दोन्हीकडे डिफ लॉक (एका एक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारे) मिळतात, पण चालवून बघितल्याशिवाय घेऊ नका. बीएस-६ डिझेलला धुराच्या नळीत फिल्टर असतो. रोज इंदिरानगर ते कॉलेज रोड एवढीच गाडी फिरली तर तो तुंबतो, तिला अधूनमधून हायवेला मोकळी पळवावी लागते. नवीइतके पैसे नसतील तर २०१५ नंतरची जुनी सीआरडीई बघा, तिला मागे लॉकिंग डिफरन्शियल आहे. तिच्याही खाली हातोडी घेऊन जा.

गाडी वडिलांची आहे हे तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंत, जसं काही ते हिशेबात धरायचं नसतं. धरा. चासी चांगली असेल तर पन्नास हजार इकडे-तिकडे झाले म्हणून ती गाडी घालवू नका. पण चासी गेली असेल तर त्याच मायेपोटी घरच्यांना तिच्यात बसवू नका.

काम करायचं ठरलं तर क्रम असा ठेवा: आधी चासी धुऊन, गंज काढून, प्राइमर आणि बंद भागांत मेणाचा फवारा. मग ब्रेक आणि स्टिअरिंग. मग क्लच आणि ट्रान्सफर केस. इंजिन सगळ्यात शेवटी, तपासणीचे आकडे हातात आल्यावर. गॅरेज बदलावंसं वाटलं तर घाबरू नका. सातपूरला महिंद्राचा गाड्यांचा कारखाना, इगतपुरीला इंजिनचा. आयुष्यभर याच गाड्यांवर काम करून निवृत्त झालेली माणसं आपल्या गावात आहेत, आणि अंबड-सातपूरला हवा तो बुश घडवून देणारे लेथवाले आहेत. पावसाळ्याआधी रॅम्पवर घ्या, जूननंतर धुतलेली चासी वाळत नाही. मागच्या दोन्ही हँगरचे आणि चासी नंबरचे फोटो टाकलेत तर मी बघून सांगतो.