वाचकांचे प्रश्न : टीवर उडणारा चेंडू गवतावरून का उडत नाही?

प्रश्न : मी ६१ वर्षांचा असून निवृत्तीनंतर गेली तीन वर्षे बडोद्यात, लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातील मैदानावर गोल्फ खेळतो. टीवरून, म्हणजे चेंडू ठेवायच्या लहानशा खुंटीवरून, ड्रायव्हर (सर्वांत लांब पल्ल्याची काठी, म्हणजे क्लब) बरा लागतो आणि सात नंबरच्या आयर्नविषयीही (पातळ धातूच्या पात्याचा क्लब) तक्रार नाही. परंतु फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्यावर) गवतात पडलेल्या चेंडूला थ्री वूड (ड्रायव्हरहून आखूड, रुंद तळाचा क्लब) मारायला गेलो की चारपैकी तीन वेळा चेंडू टॉप होऊन, म्हणजे डोक्यावर फटका बसून, जेमतेम ४० यार्ड सरपटत जातो. चौथा मात्र १७० यार्ड जातो, आणि त्या एका फटक्याच्या आशेने मी पुन्हा तोच क्लब मागतो. प्रशिक्षक सांगतात, वूड केरसुणीसारखे अलगद फिरवावे. सरावाच्या चटईवर ते जमते, मैदानावर जमत नाही. दोष कुठे असावा?
— एक वाचक, बडोदा

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत उपयोगाचे वाक्य चटईविषयीचे आहे, म्हणून आरंभ तिथूनच करतो. चटईवर क्लब चेंडूच्या दोन इंच अलीकडे टेकला, तरी त्याचा तळ घसरत पुढे जातो आणि चेंडू बऱ्यापैकी उडतो. आपले चुकले हे हातांना कळतच नाही. गवताखालची माती एवढी उदार नसते. मे महिन्यातल्या कडक जमिनीवर वूडचा रुंद तळ आपटून वर उसळतो आणि त्याची पुढची कड चेंडूच्या पोटावर बसते, तर पावसाळ्यात तोच तळ ओल्या मातीत रुततो. टॉप आणि फॅट (चेंडूआधी माती लागणे) हे दोन परस्परविरुद्ध दोष वाटले, तरी बहुतेक वेळा त्यांचे मूळ एकच असते, ते म्हणजे स्विंगचा, अर्थात क्लब फिरवण्याच्या वर्तुळाचा, सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या मागे राहणे.

तो मागे राहतो, कारण आपण चेंडू वर चढवायला जातो. टीवर चेंडू जमिनीपासून उचललेला असल्यामुळे क्लब वर येत असताना लागला तरी बिघडत नाही, किंबहुना ड्रायव्हरला ते मानवतेच. गवतावर चेंडूखाली तशी जागा नसते. थ्री वूडचा लॉफ्ट, म्हणजे त्याच्या चेहऱ्याचा (चेंडूला भिडणाऱ्या बाजूचा) कल, साधारण १५ अंशांचा, त्यामुळे वरून पाहताना तो चेहरा जवळजवळ उभा दिसतो. हा काही चेंडू उचलणार नाही अशी धास्ती मनात येते आणि शरीर न बोलावता मदतीला धावते. वजन उजव्या पायावर रेंगाळते, छाती वर येते, डावे कोपर मुडपते आणि क्लब चेंडूच्या डोक्यावरून निघून जातो. (आपण उजव्या हाताने खेळता असे धरून हे लिहिले आहे.) पीजीए टूर या अमेरिकेतील स्पर्धामालिकेतील व्यावसायिकांच्या फटक्यांची जी रडार-मोजणी झाली आहे, तीत थ्री वूड चेंडूला भेटताना सरासरी सुमारे ३ अंश खाली उतरत असल्याचे दिसते. चेंडू वर नेण्याचे काम लॉफ्टचे आहे, आपले नाही.

म्हणून केरसुणीचा दाखला मला चुकीचा वाटत नाही, पण आपण त्यातला ‘अलगद’ एवढाच शब्द उचललेला दिसतो. केरसुणी जमिनीला टेकली नाही तर केर हलतही नाही. वूडच्या तळाने चेंडूखालचे आणि चेंडूच्या किंचित पुढचे गवत घासले गेले पाहिजे. आयर्नसारखा मातीचा तुकडा मात्र निघू नये.

सरावासाठी चटई महिनाभर सोडावी. गवतावर चुन्याची एक रेघ ओढून, चेंडू न ठेवता, त्या रेघेवर किंवा बोटभर पुढे गवत घासले जाते का ते पाहावे. दहापैकी सात-आठ वेळा तसे होऊ लागले की चेंडू अगदी बुटक्या टीवर ठेवावा आणि रोज ती टी थोडी थोडी जमिनीत दाबत न्यावी. चेंडू डाव्या टाचेच्या आत, साधारण दोन चेंडूंच्या रुंदीएवढा असावा. ड्रायव्हरच्या सवयीने तो थेट टाचेसमोर ठेवला जातो आणि निम्मे टॉप तिथेच ठरतात. थ्री वूडची दांडी सुमारे ४३ इंचांची असते. ग्रिप इंचभर खाली धरल्यास ती आवाक्यात येते, आणि त्याने जाणारे चार-पाच यार्ड आपल्याला जाणवणारही नाहीत.

आता थोडा कडू भाग. आपल्याच आकड्यांवरून चार फटक्यांची सरासरी काढली, तर ती ७२-७३ यार्ड येते. एवढे अंतर आपण पिचिंग वेज या जवळच्या फटक्यांच्या क्लबनेही गाठत असाल. मध्यम वेगाच्या स्विंगला १५ अंशांचा लॉफ्ट गवतावरून सहसा पुरेशी उंची देऊ शकत नाही. १८-१९ अंशांचे फाइव्ह वूड किंवा २१ अंशांच्या आसपासचे सेव्हन वूड पुष्कळदा थ्री वूडइतकेच, काही वेळा त्याहूनही लांब जाते. यात कमीपणा मुळीच नाही. १९३५ साली अमेरिकेतील ऑगस्टा येथे मास्टर्स स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत अमेरिकी खेळाडू जीन सॅराझेन यांनी पंधराव्या होलवर (मैदानाच्या पंधराव्या टप्प्यावर) २३५ यार्डांवरून चेंडू थेट होलमध्ये घातला आणि तीन फटक्यांची पिछाडी एका फटक्यात भरून काढली, तेव्हा त्यांच्या हातात थ्री वूड नव्हते. चेंडू गवतात खाली बसलेला पाहून त्यांनी फोर वूड घेतले होते. लाय, म्हणजे चेंडू कसा पडला आहे ते, पाहून क्लब ठरवण्याची ही रीत आपल्यालाही लागू आहे. चेंडू गवतावर उभा असेल तरच थ्री वूडचा विचार करावा. उघड्या कडक मातीवर असेल किंवा रफमध्ये (कडेच्या उंच गवतात) बुडालेला असेल, तर ते बाहेर काढूच नये.

तोवर आपले थ्री वूड अरुंद होलवर टीवरून मारावे. ते तिथे उत्तम काम करील. आणि फेअरवेवर हात त्याच्याकडे वळू लागलाच, तर फाइव्ह वूड आधीच हातात देण्याचे, क्लब वाहून नेणाऱ्या कॅडीला पहिल्या टीवरच, म्हणजे खेळ सुरू करतानाच, सांगून ठेवावे.