कविता आणि तिच्यामागचा सरकारी कागद

प्रश्न : बाई, मी एम.ए. इंग्रजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रबंधासाठी आजची अमेरिकन कविता घेतली आहे. वर्गात आम्ही प्रतिमा आणि प्रतीकंच शोधत बसतो. तिथला अभ्यास आता कुठे चाललाय? आणि आगरी घरातल्या मुलीला त्यात स्वतःचं काही मांडता येईल का?
– एक वाचक, घणसोली

उत्तर : येईल, नक्की येईल. पर्यावरण, कवींच्या आवाजातली ध्वनिमुद्रणं (पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाचं 'पेनसाउंड' फुकट आहे, जरूर ऐक) अशा बऱ्याच वाटा आहेत. तुला मी एकच सुचवते. तिथले काही कवी सरकारी कागदच कवितेत आणतात, आणि अभ्यासक कवितेइतक्याच बारकाईने तो कागद वाचतात.

ही रीत जुनीच. वेस्ट व्हर्जिनियात बोगदा खणताना सिलिकाच्या धुळीने मजूर मेले. कवयित्री म्युरिएल रुकायझरने त्याच्या चौकशीतल्या साक्षी १९३८ मध्ये कवितेत घेतल्या.

पण तुझा मुक्काम असावा लेली लाँग सोल्जरपाशी. ही कवयित्री ओग्लाला लकोटा, म्हणजे अमेरिकेतल्या एका मूलनिवासी जमातीची. २००९ मध्ये अमेरिकेने मूलनिवासींची माफी मागितली, तीही संरक्षण खर्चाच्या कायद्यातल्या एका कलमात, आणि या माफीवरून सरकारवर दावा चालणार नाही अशी पुस्ती जोडून! 'व्हेअरॅज' (म्हणजे 'ज्याअर्थी', २०१७) या संग्रहात ती माफीच्या त्याच ठरावाची 'ज्याअर्थी... ज्याअर्थी' ही घडण उचलते. अशाच एका 'ज्याअर्थी'त तिची लेक पडून, रक्ताळून घरात येते आणि हसते. आई म्हणते, दुखत असेल तर रड. ठरावाचा मजकूर शेजारी ठेवून हा भाग वाच. आईचं बोलणं कुणाला उत्तर आहे ते तिथे कळतं, नुसत्या प्रतिमा शोधून कळत नाही.

त्याच संग्रहातली '३८' ही कविता सुद्धा घे. लिंकनच्या हुकमाने २६ डिसेंबर १८६२ रोजी डकोटा या मूलनिवासी जमातीच्या ३८ पुरुषांना फाशी दिलं, आणि त्याच आठवड्यात त्याने गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला.

आता तुझं. नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन घेतली गेली. तुमच्या घरी जुना सातबारा, भूसंपादनाची नोटीस, साडेबारा टक्क्यांचे (घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात द्यायच्या भूखंडाचे) कागद असतील, तर आजी-आजोबांजवळ बसून ते वाचून घे. लकोटांचं दुःख आणि तुमचं एकच, असं मात्र लिहू नकोस. दोन्हींवर अन्याय होईल. कागद माणसाशी कोणत्या भाषेत बोलतो, हे ओळखायची सवय तुला घरातच लागलेली असणार. ती प्रबंधात वापर. मार्गदर्शकांनी हरकत घेतली, तर पहिलं प्रकरण ठाण्याला घेऊन ये, आपण दोघी बसून बघू.