दहा हजार पौंडांच्या आत जुनी, उघड्या टपाची गाडी घ्यायची झाल्यास कोणती घ्यावी?

आपण रेडिंगला राहता, गाडी शनिवार-रविवारच्या फेरफटक्यासाठी आणि अधूनमधून लंडनला जाण्यासाठी हवी आहे, आणि एमजीबी, ट्रायम्फ स्पिटफायर व पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ यांपैकी कोणती घ्यावी, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते एमजीबी घ्यावी, आणि तीही १९७४ च्या अखेरीनंतरची, काळ्या रबरी बंपरची.

अमेरिकेतील नियमांमुळे या गाडीला ते जाडजूड बंपर आले आणि तिची उंचीही सुमारे दीड इंचाने वाढली. त्यामुळे क्रोम बंपरचे चाहते तिच्याकडे पाहून नाक मुरडतात आणि किंमत आपल्यासारख्यांच्या आवाक्यात राहते. आतले १७९८ सीसीचे इंजिन मुळात तेच आहे. १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यातून पाच लाखांहून अधिक एमजीबी बाहेर पडल्या. सुटे भाग आजही सहज मिळतात. इतकेच काय, ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था गाडीच्या पत्र्याचा संपूर्ण नवा सांगाडाही (बॉडी-शेल) बनवून देते. अर्थात त्याचा खर्च आपल्या अंदाजपत्रकात बसणारा नाही, म्हणूनच खरेदी करताना इंजिनापेक्षा पत्र्याकडे अधिक लक्ष द्यावे.

या गाडीला वेगळी चासी नाही आणि वर छप्परही नाही, त्यामुळे तिची जवळजवळ सारी ताकद दारांखालच्या सिलमध्ये असते. सिल बाहेरून एकच पट्टी दिसत असली तरी आत पत्र्याचे थर असतात, आणि आतला कुजलेला थर तसाच ठेवून वर नवा पत्रा मारण्याचा उद्योग फार जणांनी केलेला आहे. चुंबक फिरवून लांबीचा (पुट्टीचा) थर सापडतो, पण आतली कूज सापडत नाही. त्यासाठी दाराच्या मागच्या कडेची फट पाहावी. ती खाली रुंद आणि वर अरुंद असेल, तर गाडी मधोमध खचली आहे. त्यानंतर विक्रेत्याच्या परवानगीने जॅक लावून एक बाजू उचलावी आणि दार उघडून पुन्हा लावून पाहावे. मी पाहिलेल्या एका गाडीचा लाल रंग डोळ्यांत भरत होता, पण जॅकवर चढवल्यावर तिचे दार पुन्हा कुलपात बसेना. मालक 'बिजागरी जरा सैल आहे' म्हणाले आणि मी चहा न घेताच निघालो. पुढच्या मडगार्डचा वरचा भागही बोटांनी चाचपावा, कारण आतल्या बाजूला तिथे चिखल साचून राहतो.

इंजिनाची परीक्षा त्यामानाने सोपी आहे. ते पूर्ण गरम झाल्यावर, ताशी पन्नास मैलांच्या वेगात तेलाचा दाब दर चौरस इंचाला पन्नास पौंडांच्या आसपास असावा, आणि ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर) असल्यास तो विनाविलंब लागावा.

स्पिटफायर दिसायला अधिक देखणी आहे, आणि तिचे संपूर्ण बॉनेट पुढे उलटत असल्याने इंजिनावर काम करणे सुखाचे होते. मात्र १५०० मॉडेल पाहताना कोणाला तरी क्लच दाबायला सांगून आपण क्रँकची पुली पाहावी. ती पुढे-मागे सरकताना दिसली, तर क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर झिजून संपलेले आहेत आणि इंजिन उघडावे लागेल.

यांत्रिकदृष्ट्या माझदा निःसंशय सर्वांत निर्धोक आहे. परंतु ती १९८९ पासूनची असल्याने चाळीस वर्षांवरील गाड्यांना मिळणारी रस्ता-करातील सूट तिला अजून लागू नाही, आणि लंडनच्या यूएलईझेड क्षेत्रात, म्हणजे प्रदूषण करणाऱ्या गाड्यांवर आकार घेणाऱ्या भागात, अशा जुन्या गाडीला सहसा दिवसाला साडेबारा पौंड पडतात. 'ऐतिहासिक' वर्गात नोंदलेल्या एमजीबीला कर नाही आणि तो आकारही नाही. वार्षिक एमओटीही (गाडी रस्त्यावर चालवण्यास योग्य आहे का, याची तपासणी) सक्तीची नाही, तरी मी ती स्वखुशीने करून घेतो.

व्यवहारापूर्वी नंबर टाकून सरकारी संकेतस्थळावर एमओटीचा इतिहास मोफत पाहावा. एमओटीतील ही सूट २०१८ मध्ये लागू झाली, त्यामुळे त्याआधीच्या नोंदींत गंजाचा उल्लेख कुठे आणि किती वेळा आला आहे, हे बरेच सांगून जाते. गाडी घेतल्यावर ई१० ऐवजी कमी इथेनॉलचे ई५ पेट्रोल भरावे, पुढची चाके ज्यांवर वळतात त्या किंगपिनला दर तीन हजार मैलांनी ग्रीस द्यावे, आणि विमा आधी मूल्य ठरवून घेतलेला असावा, म्हणजे अपघातानंतर किमतीवरून वाद होणार नाही.