विंडोज ९८ वर हार्ड डिस्क 'कम्पॅटिबिलिटी मोड'मध्ये गेली आहे, फॉर्मॅट करू का?

तुमचं म्हणणं असं: वडिलांचा जुना पेंटियम थ्री माळ्यावरून काढला, विंडोज ९८ सुरू होतं पण रांगत. परफॉर्मन्स टॅबमध्ये 'एमएस-डॉस कम्पॅटिबिलिटी मोड' दिसतो, डिव्हाइस मॅनेजरमध्ये हार्ड डिस्क कंट्रोलरवर पिवळं उद्गारचिन्ह. फॉर्मॅट मारू की ८० जीबीची दुसरी डिस्क लावू?

फॉर्मॅट मारू नका.

२००१ च्या मे महिन्यात नागपूरला, नंदनवनच्या आमच्या घरी, हेच पिवळं चिन्ह आलं होतं. बाबा शाळेतून रिटायर झाल्यापासून आजीच्या तोंडच्या वऱ्हाडी म्हणी आणि जात्यावरच्या ओव्या टाइप करत होते. दोन वर्षं, एका बोटानं. मोठे भाऊजी आले, पाहिलं आणि म्हणाले, "अबे, विंडोज करप्ट झाली. फॉर्मॅट मार, अर्ध्या तासाचं काम आहे." मी म्हटलं, "भाऊजी, बाबांच्या फाइली सी मध्येच आहेत, थांबा जरा." फ्लॉपीवर बॅकअप आहे, असं बाबाच म्हणाले, म्हणून भाऊजींनी मारलं. सहा फ्लॉप्यांपैकी एक वाचता आली. आजी तोवर गेलेली होती. बाबांनी पुन्हा टाइप करायला घेतलं नाही.

फॉर्मॅटनंतर कॉम्प्युटर झकास चालला, म्हणून भाऊजी आजही म्हणतात की त्यांचंच बरोबर होतं.

बरोबर नव्हतं. २००३ मध्ये तेच चिन्ह परत आलं, तेव्हा मी कुणाला हात लावू दिला नाही. विंडोज फोल्डरमध्ये आयओएस डॉट लॉग नावाची फाइल सापडली. डिस्क चालवणारा विंडोजचा स्वतःचा ३२-बिट ड्रायव्हर (प्रोग्राम) का चढला नाही, ते त्यात लिहिलेलं असतं. सुरू होताना हा ड्रायव्हर एकदा फसला की विंडोज रेजिस्ट्रीत, म्हणजे आपल्या सेटिंग्जच्या वहीत, 'नोआयडीई' अशी नोंद करून ठेवते. मग मूळ बिघाड दुरुस्त झाला तरी विंडोज ड्रायव्हर चढवायचा प्रयत्नच करत नाही, सगळं बायॉसमार्फत, म्हणजे बोर्डावरच्या मूळ प्रोग्राममार्फत चालतं, म्हणून रांगतं. फॉर्मॅटनं रेजिस्ट्री नवी होते, नोंद आपोआप जाते. भाऊजींचा 'इलाज' एवढाच होता.

आमच्याकडे मूळ बिघाड डिस्क बोर्डाला जोडणाऱ्या रिबन केबलचा होता. उन्हाळ्यात कॅबिनेटचं झाकण काढून कूलरसमोर ठेवायचो, त्या दमट हवेनं पिनांवर थर चढला होता. केबल बदलली. मग रेजिस्ट्री उघडणाऱ्या रेजएडिटमध्ये लोकल मशीन, सिस्टम, करंटकंट्रोलसेट, सर्व्हिसेस, व्हीएक्सडी, आयओएस इथवर जाऊन फक्त नोआयडीई खोडलं, रीस्टार्ट केलं. चिन्ह गेलं, एकही फाइल न जाता. मागच्या दिवाळीत हे सगळं भाऊजींना कागदावर काढून दाखवलं, तर म्हणाले, "पण तेव्हा चालू तर झाला होता ना!" कॉम्प्युटर चालू होणं आणि बाबांचं काम वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना मान्यच नाही. तुम्हालाही कुणी 'फॉर्मॅट मार' सांगितलं, तर आधी कारण विचारा.

८० जीबीचं म्हणाल तर त्या काळच्या बऱ्याच बायॉसना ३२ जीबीच्या वर दिसत नाही, बोर्ड डिस्क ओळखतानाच अडकतो. डिस्कवर क्षमता मर्यादित करणारा जंपर (पिनांवर बसवायची छोटी टोपी) असेल तर तो लावा. विंडोज ९८ चं डिस्कचे भाग पाडणारं मूळ एफडिस्क ८० जीबीला दहा-अकरा जीबी दाखवतं, त्याला घाबरू नका.

एक राहिलं. बूट सेक्टरमधल्या (डिस्कच्या सुरुवातीच्या भागातल्या) व्हायरसमुळेही हा मोड येतो, तो आधी तपासा. आणि डिस्क टकटक करत असेल तर मी वर लिहिलेलं काहीच करू नका, डिस्क तपासणारं स्कॅनडिस्कसुद्धा नाही. ती काढा, आयडीई-यूएसबी अडॅप्टरनं आजच्या कॉम्प्युटरला जोडा. डिस्कवरच्या फाइलींची मांडणी एफएटी३२ असल्यानं सरळ वाचली जाईल. वडिलांचं माय डॉक्युमेंट्स आधी कॉपी करा. टकटक नसली तरीही.