मयालीचं वय निघते का?

प्रश्न: दादा, आर्णी तालुक्यातला आमचा जुना वाडा पाडून स्लॅबचं घर बांधायचं चाललंय. मधल्या खोलीची मयाल (छताखालची जाड तुळई) अस्सल सागवानाची, चार गड्यांना हलत नाही. आजी म्हणे घर भोसल्यांच्या राज्यातलं, काका म्हणतात छप्पन्नच्या दुष्काळानंतरचं, कागद कोणाजवळच नाही. परवा भाच्यानं मोबाईलवर दाखवलं का स्पेनमधल्या बास्क मुलखात शेतकऱ्यांच्या जुन्या घरांचं वय लाकडातल्या गोल रेघांवरून काढतात. आपल्या मयालीचं निघन का? बुधवारी लाकूडवाला येऊन राहिला.

उत्तर: भाऊ, पहिले लाकूडवाल्याला फोन करा आणि पुढच्या आठवड्यात बोलवा, मग हे वाचा.

भाचा बरोबर आहे. पण नुसत्या रेघा मोजून झाड किती वर्षं जगलं तेवढंच कळते, तोडलं कधी ते नाही. तोडल्याचं वर्ष निघते जुळवून. चांगल्या पावसाच्या वर्षी वलय जाड, दुष्काळात बारीक, असा एक ठेका लाकडात उमटतो आणि एका भागातल्या एका जातीच्या झाडांत तो बराचसा सारखा असते. आज उभ्या झाडापासून सुरू करायचं, त्याच्या आतल्या रेघा जुन्या घराच्या लाकडाच्या बाहेरच्या रेघांशी जुळवायच्या, मग त्याहून जुनं लाकूड, असं मागं मागं जायचं. ही पद्धत बसवली अमेरिकेतल्या डग्लस नावाच्या खगोलशास्त्रज्ञानं, तो बिचारा सूर्यावरच्या डागांचा माग झाडांत शोधत होता, आणि 1929 मध्ये अ‍ॅरिझोनात सापडलेल्या एका जळक्या वाशानं त्याची मधेच तुटलेली वलयांची साखळी जोडली.

बास्क शेतघराला म्हणतात बासेरी. खाली माणसं आणि गुरं, वर माळा. एझ्किओ गावचं इगार्तुबेइती हे 16व्या शतकातलं घर आज संग्रहालय आहे, त्यात सफरचंदाचा रस गाळायचा अख्खा लाकडी घाणा घराच्या सांगाड्यातच बसवलेला आहे, म्हणजे घाण्याभोवती घर उभं केलं म्हणा ना! तिकडं ओक ओला असतानाच तासून लावत, म्हणून झाड तोडल्याचं साल निघालं का घराचं साल जवळपास हाती येते. पण गोम अशी का लोखंडाच्या भट्ट्यांना कोळसा लागे, त्यासाठी ओकच्या फांद्या दर काही वर्षांनी छाटत. आपल्याकडं शेळ्यांसाठी बाभूळ बोडकी करतात ना, तसंच. छाटलेलं झाड पाऊस कितीही झाला तरी काही वर्षं बारीकच वलय टाकते, मग रेघ पावसाची का कुऱ्हाडीची हे ओळखता ओळखता माणूस वैतागते. तरी तिथल्या लोकांनी चिकाटीनं साखळी जमवली, आणि तिच्यामुळेच वेल्समधल्या न्यूपोर्टला 2002 मध्ये चिखलात सापडलेल्या जहाजाचं लाकूड बास्क मुलखातलं, 1449च्या सुमारास तोडलेलं, हे 2014 मध्ये कळलं.

आता तुमची मयाल. सागवान यासाठी चांगलं, वर्षाचं वलय स्पष्ट दिसते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या लोकांनी केरळच्या सागाची 1481 ते 2003 अशी 523 वर्षांची मालिका बांधली आहे. पण केरळचा पाऊस आपला नाही, मयाल जुळवायची ती यवतमाळ-चंद्रपूरकडच्या सागाशी. लखनौची बिरबल साहनी संस्थाही हे काम करते, दोन्हीकडं लिहून विचारा. आजी आणि काकाचं भांडण मिटायला एक रेघ कामाची आहे: छप्पन्नचा दुष्काळ म्हणजे विक्रम संवत 1956चा, इंग्रजी 1899-1900. झाड तेव्हा उभं असन, त्यानंतर तोडलं असन आणि बाहेरचं लाकूड तासलं गेलं नसन तर ते कोरडं वर्ष लाकडाच्या आत कुठंतरी बसलेलं असायला पाहिजे. बारीक रेघ दिसली म्हणून लगेच काका जिंकले असं मात्र नाही, ठेका पूर्ण जुळला पाहिजे.

खरा घोळ वेगळाच आहे. आपला वाढई गाभ्याबाहेरचं पांढरं लाकूड तासून फेकते, कारण त्याला कीड लागते, आणि शेवटची वर्षं नेमकी त्यातच असतात. ती गेली का फक्त "या वर्षाच्या नंतर" एवढंच म्हणता येते. म्हणून मयालीची भिंतीत घुसलेली टोकं पाहा, तिथं कधीकधी वाढई आळस करून झाडाची साल तशीच ठेवते. आणि मयालीत जुन्या खाचा, विनाकारण भोकं दिसली तर ती आधी दुसऱ्याच घरात असू शकते, तसं असन तर तिचं वर्ष तुमच्या वाड्याचं नाही.

लाकूडवाल्यानं करवत लावलीच तर झाडाची साल असलेल्या टोकाची चार बोटं जाडीची चकती कापून घ्या, पेन्सिलनं कोणत्या खोलीची ते लिहा, घासू नका, तेल लावू नका. त्या चकतीचे तो तसेही पैसे देणार नाही.