‘गोड बातमी’च्या आधीचे तीन महिने

“थांबलो तर वय निघून जाईल, नाही थांबलो तर बाळाला काही होईल. मग करायचं काय?” टाइप २ मधुमेह असलेल्या बायका समुपदेशनाला येतात तेव्हा हा प्रश्न हमखास निघतो. इथली गोष्ट एकाच बाईची नाही, अनेकींच्या तक्रारी एकत्र बांधल्या आहेत. वय ३२, राहायला डोंबिवली, नोकरी लोअर परळला, मधुमेह चार वर्षांचा. तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीएवनसी, ८.४. स्त्रीरोगतज्ज्ञांनी बजावलं, ६.५ च्या खाली येईपर्यंत थांबा. सासूबाईंचं म्हणणं, आधी दिवस तर जाऊ देत, शुगर मग बघू. आमच्या वेळी कोण तपासत होतं?

सासूबाईंचा हिशेब चुकतो तो तारखांत. तो कागदावर मांडला. समजा पाळी १ तारखेला आली. गर्भधारणा साधारण १४-१५ ला. पुढची पाळी २९ ला चुकते, दोन-चार दिवस वाट बघून मग किट. त्यानंतर डॉक्टरांची वेळ, रजा, सोनोग्राफी. इकडे बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भधारणेपासून २८ दिवसांत, म्हणजे पुढच्या महिन्याच्या १२ तारखेच्या सुमारास, मिटूनही जाते. हृदयही याच आठवड्यांत घडतं. पहिली सोनोग्राफी होईपर्यंत हे काम बहुतेक उरकलेलं असतं. त्या दिवसांत शुगर चढी असेल तर व्यंगाचा आणि गर्भपाताचा धोका वाढतो. ८.४ म्हणजे सरासरी शुगर १९५ च्या आसपास, ६.५ म्हणजे १४०.

म्हणून शुगर खाली येईपर्यंत गर्भनिरोधक नीट वापरायचं. ‘राहिलं तर राहिलं’ हा मधला मार्ग इथे चालत नाही. पीसीओएस, म्हणजे पाळी अनियमित करणारा बीजांडकोशाचा त्रास, असेल तर मुळीच नाही, कारण मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी सुरू झाली, चार-पाच किलो वजन उतरलं की बीजनिर्मिती सुरळीत होते आणि ध्यानीमनी नसताना दिवस राहतात.

मग तिने पर्समधला गोळ्यांचा डबा टेबलावर रिकामा केला. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, रक्तदाबाची टेल्मिसार्टन, कोलेस्टेरॉलची अ‍ॅटोरव्हास्टॅटिन. यातली पहिली पुढेही चालते. टेल्मिसार्टन आणि रॅमिप्रिलसारख्या गोळ्या बाळाच्या मूत्रपिंडाला घातक, म्हणून डॉक्टर त्याऐवजी लॅबेटॅलॉल किंवा निफेडिपिन देतात. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन थांबवतात. ग्लिमेपिराइडच्या जागी इन्शुलिन येतं. हे बदल डॉक्टरांनी करायचे. घाबरून स्वतःच सगळ्या गोळ्या बंद करणं ही नेहमीची चूक, आणि ती नेमकी नको त्या आठवड्यांत शुगर ३०० वर नेते.

बाळाच्या त्या मेंदू-मणक्याच्या नळीसाठी लागणारी एक गोळी मात्र डब्यात नव्हती: फॉलिक अ‍ॅसिड ५ मिलिग्रॅम, रोज एक, गर्भधारणेच्या तीन महिने आधीपासून ते १२ आठवडे पूर्ण होईपर्यंत. ‘मल्टिव्हिटॅमिन घेते की’ हे उत्तर पुरत नाही, त्यात ते कितीतरी कमी असतं. गोळीच्या पाकिटावर ५ मिलिग्रॅम लिहिलंय का, ते वाचून घ्यायचं.

तपासण्यांत डोळ्यांची तपासणी बायका टाळतात, कारण थेंब घातल्यावर दोन-तीन तास धूसर दिसतं आणि लोकल पकडता येत नाही. पण ती आधीच व्हायला हवी. जुनी चढी शुगर झपाट्याने उतरली की पडद्याचा आजार कधी कधी उलट बळावतो, गरोदरपणातही बळावतो. सोबत मूत्रपिंडासाठी लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन, शिवाय थायरॉइड, रक्तदाब. तिचं हिमोग्लोबिन ९.६ निघालं. लोह कमी असेल तर एचबीएवनसी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतं, आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यावर ते खाली येतं ते सगळं शुगरमुळेच असं नाही. त्यामुळे त्या एका आकड्यावर न विसंबता ग्लुकोमीटरची वहीही पाहावी लागते.

वहीत मे महिन्यातल्या एका रात्री २८७ लिहिलं होतं. रडकुंडीला आली होती बिचारी. चौकशी केली तर आंबे चिरून हात नुसते पुसले होते. साबणाने हात धुऊन परत बघितलं, तर १६२. बोटावरची साखरही पट्टी मोजते. पट्ट्यांच्या डबीचं झाकण पावसाळ्यात उघडं राहिलं तरी आकडे बिघडतात. आणि जेवणानंतरचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नव्हे.

खरी गोम मात्र उपाशीपोटीच्या आकड्यांत होती. १४८, १५१, १४६. “सकाळी तर काहीच खात नाही मी!” बरोबर, पण रात्रीचं जेवण नवरा आल्यावर, पावणेदहाला, दोन वाट्या भातासकट. एका वाटी भातात साधारण ३० ग्रॅम कर्बोदकं, मध्यम फुलक्यात १५. शिवाय पहाटे यकृत स्वतःच साखर सोडतं, त्याला आवर घालायला डॉक्टरांनी रात्रीचं इन्शुलिन ठरवलं. घरापुरता बदल एवढाच: साडेआठला जेवण, भात अर्धी वाटी, उसळ जास्त, आणि नवऱ्याचं ताट झाकून. सगळ्यात जास्त वेळ या ताटावरच्या चर्चेत गेला.

दुसरी अडचण संकष्टीची. सकाळी ग्लिमेपिराइड, अकराला साबुदाण्याची खिचडी, मग चंद्रोदयापर्यंत काही नाही. खिचडीनंतर शुगर वर उडते आणि संध्याकाळी गर्दीच्या लोकलमध्ये घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. ती गोळी पोटात अन्न आहे की नाही हे न बघता इन्शुलिन सोडायला लावते. इन्शुलिनवरही हा धोका आहेच. शुगर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर किंवा तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून घ्यायची, १५ मिनिटांनी परत मोजायचं. क्रीम बिस्किट किंवा चॉकलेट नको. त्यातल्या तुपा-तेलामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. पुडी पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवायची. गर्दीत आतली चेन उघडता येत नाही.

इन्शुलिनचं पेन वापरात असताना बहुतेक प्रकारांत २८ दिवस बाहेर राहतं, पण ३० अंशांखाली. मे महिन्यात मुंबईत ते जमत नाही, म्हणून पाण्याने गार राहणारी पिशवी. दर वेळी आधी २ युनिट हवेत सोडायचे, टोचल्यावर १० पर्यंत मोजून मग सुई काढायची. पोटावर रोज त्याच जागी टोचलं की गाठ येते, तिथून औषध कमी-जास्त शोषलं जातं, आणि डोस वाढवूनही शुगर हलत नाही.

साडेतीन महिन्यांनी ६.४. वहीतले आकडेही त्याच्याशी जुळले, डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला. किटवर दोन रेघा दिसल्या तर इन्शुलिन न थांबवता त्याच आठवड्यात दाखवायचं. त्यानंतर उपाशीपोटी ९५ च्या खाली, जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या खाली. पहिल्या महिन्यांत उलट्यांमुळे शुगर अचानक पडते, तेव्हा नवऱ्यालाही ती साखरेची पुडी कुठे आहे ते माहीत हवं.

शेवटच्या भेटीला सासूबाई सोबत आल्या. त्यांचा प्रश्न एकच होता, बाळ शुगर घेऊनच जन्माला येणार का? नाही. पुढे मधुमेह होण्याचा कल घराण्यातून येऊ शकतो, आजार जन्मतः नसतो. आईची शुगर चढी असेल तर मात्र बाळाचं स्वादुपिंड पोटातच जास्त इन्शुलिन बनवायला लागतं, आणि नाळ कापल्यावर बाळाची शुगर खाली जाऊ शकते. म्हणून पहिल्या तासाच्या आत अंगावर पाजायचं, आणि टाचेतून रक्त घ्यायला नर्स आली तर तिला अडवायचं नाही.