वेबसाइट म्हणते पावणेसात तास, तिकीट म्हणतं आठ. मग खरं काय?

तुमचा प्रश्न असा: लंडन हीथ्रो ते न्यूयॉर्क जेएफके अंतर ५,५४० किमी, वेळ पावणेसात तास असं एक साइट दाखवते. तिकिटावर मात्र जाताना ८ आणि येताना ७ तास. चूक कुणाची?

कुणाचीच नाही. अंतर बरोबर आहे. पृथ्वीगोलावर लंडनपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून बघा. तो आयर्लंड, न्यूफाउंडलंडवरून जातो. सपाट नकाशावर हीच रेघ वर वाकलेली दिसते आणि विमान वळसा घेतंय असं वाटतं, पण सर्वांत जवळचा रस्ता तोच. वेळेसाठी साइट साधा भागाकार करते. ५,५४० ला ताशी ९०० ने भागलं की सहा तास नऊ मिनिटं, वर चढण्या-उतरण्याचे अर्धा-पाऊण तास. झाले पावणेसात.

या भागाकारात वारा नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे. अंतर आपण जमिनीवर मोजतो, विमान उडतं हवेत, आणि ती हवा स्वतःच पळत असते. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम, म्हणजे वेगवान वाऱ्याचा झोत, वाहते, हिवाळ्यात जास्तच जोरात. समजा वारा सरासरी ताशी १०० किमी आहे. न्यूयॉर्ककडे जाताना जमिनीच्या हिशेबाने वेग उरला ८००, परत येताना झाला १,०००. करा भागाकार: जाताना ४६ मिनिटं जास्त लागली, येताना वाचली फक्त ३७. म्हणजे जाऊन-येऊन वारा फिटतो म्हणावं, तर तसंही नाही!

मी खिडकीपेक्षा समोरच्या स्क्रीनवरचा 'ग्राउंड स्पीड'चा आकडाच जास्त बघत बसतो (शेजारच्याला वेडा वाटत असणार). फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ विमान वादळी वाऱ्यावर स्वार होऊन न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. जमिनीच्या हिशेबाने ताशी १,३०० किमीच्या वर वेग, तरी ध्वनीचा वेग ओलांडला नाही, कारण भोवतालच्या हवेच्या तुलनेत ते नेहमीच्याच वेगाने उडत होतं.

शिवाय तिकिटावरची वेळ गेट ते गेट असते. धावपट्टीपर्यंतची रांग, हीथ्रोवर उतरण्याआधी आकाशात घातलेल्या घिरट्या, सगळं त्यात आलं. वर कंपन्या थोडी मिनिटं हातची राखून ठेवतात; म्हणून तर उशिरा सुटलेलं विमानही कधी कधी वेळेवर पोहोचतं.

हवाई हद्द बंद असेल तर दोऱ्याचा रस्ताही उपयोगाचा नाही. २०२२ मध्ये रशियाची हद्द बंद झाल्यावर हेलसिंकी-टोकियो साडेनऊ तासांवरून तेराच्या आसपास गेलं. विमानतळ जागच्या जागीच होते.

एक खबरदारी: तिकिटावरच्या दोन्ही वेळा स्थानिक असतात. हीथ्रोहून सकाळी ११ ला निघून जेएफकेला दुपारी २ ला उतरलात तर ते तीन तास नव्हेत. न्यूयॉर्कचं घड्याळ लंडनच्या पाच तास मागे असतं; ते पाच मिळवा, आठ झाले. मार्चमध्ये दोन-तीन आठवडे हा फरक चारच तासांचा असतो, कारण अमेरिकेत घड्याळं आधी पुढे सरकतात. तेव्हा तोंडी वजाबाकी करायच्या फंदात न पडता तिकिटावर 'प्रवासाचा कालावधी' छापलेला असतो, तोच धरा. कनेक्टिंग विमान पकडायचं असेल तर त्याच फ्लाइट नंबरच्या मागच्या आठ-दहा दिवसांच्या प्रत्यक्ष वेळा ट्रॅकिंग साइटवर बघा. मी तरी तेच करतो.